थंड पाण्याचा मासा आणि बाबांची विहीर

अमरावतीत समुद्राचा मासा पाळणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि लोकांचं त्यात काही चुकत नाही. असा एक माणूस माझ्याच घरात राहतो. माझा नवरा. नोकरी अकोल्यात आणि घर अमरावतीत, त्यामुळे त्याचं रोजचं गाडीनं जाणं-येणं. या जाण्या-येण्यात कुणी पत्ते शिकतं, कुणी भजनी मंडळ काढतं. ह्याला अकोल्यातल्या मासे विकणाऱ्या एका दुकानाचा नाद लागला. बघता बघता हॉलमध्ये काचेची मोठी टाकी आली, तिच्यासाठी खास समुद्री मीठ आलं, आणि ते फिल्टरच्या पाण्यात विरघळवून समुद्र तयार करण्याचा कार्यक्रम दर रविवारी आमच्या बाथरूममध्ये सुरू झाला. मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते, म्हणून माझ्याकडून त्याला कौतुकाची अपेक्षा होती. मी फक्त फरशी पुसत राहिले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो पिशवीत एक मासा घेऊन आला. बोटाएवढा लांब, रंग विटकरी म्हणावा तर तपकिरी, तपकिरी म्हणावा तर मातकट. मुंबईहून आलेल्या मालात तो चुकून आला होता आणि दुकानात कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. समुद्राचा मासा म्हटलं की गिऱ्हाइकाला निळा-पिवळा झगमगाट लागतो. हा आमच्या शेतवाटेच्या, पांदणीतल्या मातीच्या रंगाचा. दुकानदारानं तो माझ्या नवऱ्याच्या गळ्यात मारला आणि नवरा धन्य होऊन घरी आला.

मी त्याला नीट पाहिलं ते शेपटीवरच्या खुणेमुळे. शेपटी जिथं सुरू होते तिथं वरच्या अंगाला एक काळा ठिपका होता, बाळाला लावलेल्या काजळाच्या तिटेसारखा. पाठीच्या पराला सुरुवात होते तिथंही काळसर डाग. पुस्तकं काढली, चित्रं पाहिली आणि खात्री झाली. रॅस नावाच्या माशांचं मोठं कुळ आहे, त्यातला हा गोल्डसिनी. युरोपच्या उत्तरेकडच्या थंड समुद्रात, किनाऱ्याच्या खडकांमध्ये राहणारा. तिकडे पाळलेल्या मोठ्या माशांच्या अंगावरच्या उवा खाण्यासाठी त्याला त्यांच्या जाळीच्या पिंजऱ्यात सोडतात म्हणे. मराठीत त्याला नाव नाही. आपल्याकडे कुणाला त्याची गरजच कधी पडली नसावी.

पाळायला तो किती चांगला, हे वाचत गेले तशी माझी चिडचिड वाढत गेली. फार वाढत नाही. काटक असतो. दिलं ते खातो, झिंगा असो की शिंपला. इतरांशी फारसं भांडत नाही. लपायला फट असली की झालं, रात्री तिच्यात शिरून निजतो. टाकीवर झाकण लागतं, कारण उडी मारतो. नवशिक्यानं पाळावा असा मासा. अट एकच, पाणी कायम थंड हवं. आपल्या जानेवारीतल्या पहाटेसारखं, बाराही महिने. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, सध्या तर थंडीच आहे. या माणसाला उन्हाळ्याची आठवण एप्रिलमध्येच होते.

पण तो अगदीच हात बांधून बसला नाही. घरात एक जुना फ्रिज पडून होता. त्याच्या बाजूला भोकं पाडून त्यानं प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं आत ठेवलं, पंप जोडला, आणि टाकीतलं पाणी फ्रिजमधून फिरून परत टाकीत येईल अशी सोय केली. वर एसी. थंडीत ते यंत्र मस्त चाललं. मासा प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यात घर करून राहिला, कोळंबीचे तुकडे हातातून घेऊ लागला. माझा विरोध हळूहळू मावळला, हे कबूल करायला हवं.

त्याच सुमारास बाबा आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं पावसाळ्याआधी करायचं ठरलं, म्हणून मधल्या काळात ते आमच्याकडेच राहिले. माझं माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या काठचं. तो सगळा खारपाण पट्टा. जमीन काळीभोर, लोण्यासारखी, आणि तिच्या पोटात खारं पाणी. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हरभऱ्याची डाळ शिजत नाही, पांढरं धोतर पिवळं पडतं. आमच्या गावात मुली द्यायला लोक नाखूष असत. माझं सासर चांदूर रेल्वेचं, गोड्या पाण्याचं. लग्नात सासूबाईंनी माझ्या दातांकडे पाहिलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. माझ्या धाकट्या भावाचं लग्न तर पाण्यापायी किती दिवस अडून राहिलं.

त्या गावात बाबांनी तरुणपणी शेतात विहीर खणली. सगळ्यांनी नको म्हटलं होतं. बाबांचं म्हणणं, पाच हात इकडेतिकडे झालं तर पाणी बदलतं. दगडानं बांधून काढलेली, पायऱ्या असलेली देखणी विहीर झाली. पाणी धो धो लागलं. बाबांनी खाली उतरून ओंजळीनं चाखलं आणि कुणाशी काही न बोलता वर आले, असं माय सांगायची. नंतर त्यांनी त्या पाण्यावर लिंबं लावून पाहिली, पानांच्या कडा जळाल्या. मोसंबी लावली, तीही गेली. भाजीपाला केला, मातीवर पांढरा थर आला. माणसं चिडवायची की तुमच्या विहिरीवर पापड लाटा, मीठ घालायला नको. बाबा मात्र तेच पाणी पीत राहिले. धरणाचं नळाचं पाणी गावात आलं तरी ते म्हणत, हे फिकं आहे.

आता त्या विहिरीत बाभूळ उगवली होती आणि मागे एक वासरू पडून मेलं तेव्हा ती सगळी उपसावी लागली होती. भाऊ बुजवायची म्हणत होता. त्याचं चूक नव्हतं, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. जेसीबीवाल्याशी बोलणं झालं होतं. बाबा आडवे आले. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही, असं म्हणून त्यांनी विषय बंद केला आणि त्यानंतर बापलेकांत कामापुरतं बोलणं उरलं.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाबा रोज टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. मासा त्यांच्याकडे बघायचा, हे त्याच्याकडे. दोघेही कमी बोलणारे. एक दिवस त्यांनी विचारलं, हे पाणी खारं आहे का. मी हो म्हटलं, समुद्राचं पाणी खारंच असतं. ते गप्प झाले. बाबा असे गप्प झाले की काहीतरी शिजत असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. दोन-तीन दिवसांनी जेवताना म्हणाले, "मंग आपल्या इहिरीचं पानी काऊन नाई चालत त्याले?"

 इतका सरळ प्रश्न, आणि तो फक्त आमच्याच पट्ट्यातल्या माणसाला सुचावा असा. ज्यानं जन्मभर खारं पाणी सोसलं, त्याच्यासमोर पहिल्यांदाच एक जीव आला होता, ज्याला खारंच पाणी लागतं.

मी नाही म्हणायच्या आत त्यांनी भावाला फोन केलेला होता. लेकीच्या घरी बाबा कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. तूर, ज्वारी, काही ना काही आणायचे. लेकीकडे फुकट खाणं त्यांच्या मनाला लागतं. या वेळी त्यांनी पाणी मागवलं. दर्यापूरच्या एसटीत कंडक्टरजवळ दोन कॅन आले. त्याआधी भावानं मला फोन करून विचारलं होतं की बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं, आहे, पण तू पाठव.

कॉलेजातून मी हायड्रोमीटर आणला. डेअरीत दूध तपासायला बुडवतात तशीच काचेची नळी असते ती. पाण्यात जितकं मीठ जास्त, तितकी ती वर तरंगते. टाकीतलं पाणी काढून त्यात सोडली, ती ताठ वर राहिली. मग बाबांच्या कॅनमधलं पाणी घेतलं. नळी मानेपर्यंत खाली गेली. शेवटी साधं नळाचं पाणी घेतलं, तर त्यातही जवळपास तेवढीच. बाबा नव्या डोळ्यानं अगदी जवळून बघत होते.

"बुडली," ते म्हणाले.

मी समजावून सांगितलं. समुद्र कितीतरी पटीनं खारा असतो. आपलं पाणी झाडाला मारण्याइतकं खारं आहे, पण समुद्राच्या माशापुढे ते गोड्यातच जमा. शिवाय त्यात नुसतं मीठ नाही, सोडा आहे, चुना आहे, त्याचा मेळ वेगळा. मी वर्गात शिकवते तसंच शिकवत होते आणि माझ्याच आवाजाचा मला राग येत होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे धड खारंई नाई थे," ते म्हणाले. "एवढी वर्सं गोडाच्या कामाचं नाई म्हनत होते सारे. आता खाऱ्याच्याई कामाचं नाई."

मला तेव्हा त्या विहिरीचा इतका संताप आला की ती समोर असती तर मीच बुजवली असती. मी नळी धुऊन पुसून ठेवली.

इथं माझ्या नवऱ्यानं घोळ घातला. मायाळू माणसं घालतात तसाच. तो बाबांना म्हणाला की टाकीतलं पाणी रोज थोडं वाफ होऊन उडतं, मीठ मात्र खालीच राहतं, त्यामुळे वरून रोज मगभर गोडं पाणी घालावंच लागतं. ते फिल्टरचंच असावं असं काही नाही. तुमच्या विहिरीचं घालू. मी स्वयंपाकघरातून ओरडले की त्यातला चुना रोज साठत जाईल. तो म्हणाला, एका मगानं काय होतं. बाबांचा चेहरा बघून मी माघार घेतली. मगभरच, एवढं मात्र बजावलं.

मग एसटीनं कॅन येत राहिले आणि रोज सकाळी अंघोळ झाली की बाबा स्वच्छ धोतर नेसून एक मग पाणी टाकीत ओतायचे. धार हळू, काठानं, माशाला धक्का लागू नये म्हणून. पिंडीवर घालावं तसं. मासा पाइपातून तोंड बाहेर काढायचा, त्याला खायला मिळेल असं वाटायचं, आणि बाबांना वाटायचं तो पाणी प्यायला आला. हिवाळा सरला, होळी झाली, मासा ठणठणीत होता. बाबांनी एक दिवस भावाला फोन लावला. एरवी दोन वाक्यांत ठेवणारे बाबा खूप वेळ बोलले. मी भाजी निवडत ऐकत होते. ते सांगत होते की समुद्राचा मासा आहे, परदेशातला आहे, आणि आपल्या पाण्यावर जगतो आहे. पलीकडून भाऊ काय म्हणाला कुणास ठाऊक. एवढं कळलं की पेरणीपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही, मासा जगला तर विहीर राहील, असं दोघांत ठरलं. कोर्टातही लागला नसता असा हा निवाडा बापलेकांनी फोनवर लावून घेतला.

मला तेव्हाच कळलं होतं की हे टिकणार नाही. पाण्यामुळे नव्हे, उन्हामुळे. अमरावतीचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. अकोला तर त्याहून वरचढ. एप्रिल लागला तसा तो फ्रिज दिवसभर घरघरायला लागला, हाताला गरम लागायला लागला, आणि टाकीतलं पाणी तरी कोमटच. एसीनं हात टेकले. माशाचा रंग उतरला, खाणं कमी झालं, पाइपातून बाहेर येईना. नवऱ्यानं दुकानदाराला विचारलं, परत घेता का. तो म्हणाला, माझ्याकडे तरी बर्फाचा डोंगर आहे का. साऱ्या वऱ्हाडात या माशाला ठेवता येईल अशी एक जागा नव्हती. आम्ही पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत सोडायचो. त्या वितळायच्या, परत गोठवायच्या. चाकरी करत होतो एवढंच, आशा मला तरी नव्हती. बाबांना होती. ते म्हणायचे, मिरगापर्यंत तगला पाहिजे.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी पेपर तपासायला केंद्रावर होते. तिथं फोन बाहेर जमा करावे लागतात. नवरा अकोल्याला. दुपारी वीज गेली आणि आली नाही. घरात बाबा, मासा आणि वरून तापलेला स्लॅब. बाटल्यांमधला बर्फ संपला. मासा वरच्या पाण्यात येऊन तोंड उघडझाप करायला लागला.

आमच्याकडे उन्हानं जीव घाबरला तर काय करतात हे कुणी शिकवावं लागत नाही. माणूस असो, बैल असो, माठातलं पाणी आणून डोक्यावर ओततात. बाबांचा माठ वेगळा होता. त्यांना नळाचं फिकं लागतं म्हणून त्यांच्या प्यायच्या माठात विहिरीचंच पाणी असायचं. त्यांनी तो माठ उचलला आणि टाकीत ओतला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून भिजलेल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेला कॅनही ओतला.

मी घरी आले तेव्हा बाबा बनियनवर, चिंब भिजलेले, टाकीजवळ उभे होते. पाणी काठोकाठ आलं होतं आणि पांढरं झालं होतं, चुना कालवल्यासारखं. त्यात मासा दिसेना. मी हात घातला तेव्हा पाइपाच्या तोंडाशी सापडला, एका कुशीवर. कल्ले हलत होते.

"पानी थंडं होतं व पोरी," बाबा म्हणाले. "हात घालून पाह्यलं म्या."

पाणी खरंच थंड होतं. त्या दुपारी साऱ्या घरात तेवढी एकच गोष्ट थंड होती. मी बादलीत मिठाचं पाणी कालवलं, माशाला त्यात घेतलं, जे जे सुचलं ते केलं. नवरा यायच्या आत तो गेला. शेपटीवरचा काळा ठिपका मेल्यावरही तसाच होता.

मी त्याला कागदात गुंडाळत असताना बाबांनी विचारलं, "उन्हानं मेला का पान्यानं?"

खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या तोंडावर खोटं टिकत नाही आणि बाबांना ते सगळ्यांत आधी कळतं. शिवाय त्यांनी जन्मभर त्या पाण्याबद्दल स्वतःशी खोटं बोलून पाहिलं होतं, अजून किती बोलायचं.

"उन्हानं मेलाच असता, बाबा," मी म्हटलं. "पान्यानं आज मेला."

त्यांनी मान हलवली. टॉवेलनं अंग पुसलं, सदरा घातला, आणि भावाला फोन लावला. त्याला म्हणाले, "बुजवून टाक." पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा पुन्हा तेच म्हणाले आणि फोन ठेवला. मी भिंतीकडे तोंड करून रडले. माशासाठी रडतेय असं नवऱ्याला वाटलं, मी वाटू दिलं.

पेरणीच्या आधी जेसीबी आला. बाबांना तिथं जायचंच होतं, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही तोवर झालेलं, दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. भावानं रीतीप्रमाणे नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. बाबा धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या निंबाखाली उभे राहून बघत होते. बाभूळ आधी मोडली, मग पायऱ्या मातीखाली गेल्या. वरच्या पायरीवर बसून माझी माय कपडे धुवायची आणि फेस येत नाही म्हणून साबणाला शिव्या द्यायची.

आमच्याकडे विहीर बुजवताना मधोमध एक पाइप उभा सोडतात. विहिरीला श्वास घेता यावा, तिचा जीव कोंडू नये, म्हणून. भावानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तसा पाइप आणला होता. विहीर अर्धी भरल्यावर त्यानं जेसीबी थांबवला, पाइप खांद्यावर घेतला आणि बाबांजवळ येऊन विचारलं की कुठं उभा करू. इतक्या दिवसांत तो बाबांशी इतक्या मऊ आवाजात बोलला नव्हता.

"राहू दे," बाबा म्हणाले. "कोनासाठी?"

भावानं पाइप परत ट्रॉलीत ठेवला आणि जेसीबीवाल्याला हात केला. संध्याकाळ व्हायच्या आत जमीन सपाट झाली. आम्ही ट्रॉलीत बसून घरी निघालो. पाइप परत आणला होता, आणि वाटभर तो घरंगळू नये म्हणून बाबांनी पायाखाली दाबून धरला होता.